वेळ झाली की सुटणारी गाडी : एसटीच्या इतिहासाचे एक वेगळे वाचन

एसटीचा इतिहास सांगण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पहिली गाडी सुटली. ती बेडफर्ड बनावटीची, लाकडी बांधणीची होती आणि तिच्या आसनांत काथ्या भरलेला होता. पुढे लाकडाची जागा पोलादाने आणि पोलादाची ॲल्युमिनियमने घेतली. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांच्या निमित्ताने ‘एशियाड’ आली, नंतर शिवनेरी, शिवशाही, आणि १ जून २०२२ रोजी त्याच पुणे–अहमदनगर मार्गावर विजेवर चालणारी ‘शिवाई’. वर्धापनदिनाचे लेख, पुरवण्या आणि छायाचित्रांची प्रदर्शने साधारण याच क्रमाने लावलेली असतात. हा क्रम चुकीचा नाही, पण तो गाडीचा इतिहास आहे. मार्गाचा इतिहास त्यात येत नाही. आपल्या साहित्यानेही एसटी पाहिली ती बहुधा गाडी म्हणूनच, आणि तीही बंद पडलेली किंवा अडकलेली. या लेखात मला कोल्हापूर जिल्ह्यातील मार्ग समोर ठेवून ही दोन्ही वाचने तपासायची आहेत. आज एसटीबद्दल जो वाद चालू आहे, त्यात पणाला लागला आहे तो मार्ग. गाडीच्या इतिहासातून तो दिसत नाही, म्हणून ही उठाठेव.

जन्मतारखेचा प्रश्न

आधी जन्मतारखेकडे पाहू. १ जून १९४८ ही तारीख मुंबई राज्याच्या एसटीची. त्या दिवशी कोल्हापूर मुंबई राज्यात नव्हते. संस्थान विलीन झाले ते १ मार्च १९४९ रोजी. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानाने जून १९३२ मध्येच आपल्या रेल्वेच्या जोडीला २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली होती. विदर्भात मध्य प्रांताच्या परंपरेतली वेगळी सेवा होती. या तिन्ही धारा एका महामंडळात आल्या त्या महाराष्ट्र राज्य झाल्यावर. म्हणजे पुणे–अहमदनगर ही तीन आरंभांपैकी एका आरंभाची खूण आहे. एकच जन्मतारीख आणि एकच पहिली गाडी असली की गोष्ट सांगायला सोपी जाते, एवढेच.

मग एसटीने नवे काय केले? मोटारी तर आधीही होत्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीच्या तोंडी ‘सर्व्हिस मोटार’ हा शब्द होता. खासगी मालकांच्या या गाड्या तालुक्याच्या गावांना आणि बाजारपेठांना जोडत होत्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा त्यातल्या अनेकांच्या मागे कोळशाची शेगडी बसवली गेली आणि गाड्या कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाने आणि वेळापत्रके कागदावर आली होती. व्यवहारात मात्र सर्व्हिस मोटारीचा नियम सोपा होता : भरली की सुटायची. मालकाच्या बाजूने पाहिले तर त्यात गैर काही नाही. रिकामी गाडी कोण पळवील?

एसटीने या नियमाच्या जागी दुसरा नियम आणला : वेळ झाली की सुटायची. माझ्या मते एसटीचा खरा शोध हा आहे. बेडफर्ड इंग्लंडमध्ये तयार होत होती, लाकडी सांगाडे इथले सुतार आधीपासून बांधत होते. पण सकाळी सहाला चार उतारू असले तरी गाडी निघेल, हे आश्वासन खेड्याला त्याआधी कुणी दिले नव्हते.

गाड्यांचे थोडके

गाड्यांचा इतिहास टाकाऊ आहे असे मला म्हणायचे नाही. सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्डबरोबर शेव्हरोले, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, ॲल्बियन, सेडन, कॉमर, फियाट अशा दहाएक बनावटी होत्या. इतक्या तऱ्हेचे सुटे भाग सांभाळणाऱ्या कार्यशाळेची दशा काय असेल, याची कल्पना करावी. देशात मोटारउद्योग उभा राहत होता. १९५४ मध्ये टाटांनी डेमलर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी काढायला सुरुवात केली, १९५५ मध्ये अशोक मोटर्सचे अशोक लेलँड झाले, आणि पुढच्या काळात एसटी म्हणजे टाटा किंवा लेलँडचा सांगाडा आणि त्यावर महामंडळाच्याच दापोडीसारख्या कार्यशाळेत बांधलेली गाडी, असे समीकरण ठरून गेले. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी पुणे–महाबळेश्वर मार्गावर पडदे, घड्याळ आणि हिरव्या काचा असलेल्या दोन आराम गाड्या धावत. त्यातल्या एकीचे नाव ‘नीलकमल’ होते. ही नावे आजही कौतुकाने घेतली जातात.

पण या तपशिलांतही मार्ग डोकावतोच. पोलाद जाऊन ॲल्युमिनियम का आले? किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत पोलादी पत्रा गंजत होता म्हणून. म्हणजे मार्गाने गाडी बदलली. कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. इथली गाडी सकाळी पंचगंगेच्या काठावर असते आणि दुपारी करूळ, फोंडा किंवा आंबोलीचा घाट उतरून कोकणात. आषाढात गगनबावड्याच्या धुक्यात आणि वैशाखात शिरोळच्या उन्हात तीच गाडी चालते. गाडीचा टप, टपावर जायची मागची शिडी, चालकाच्या शेजारचे तापणारे इंजिन, तीन-दोनची बाकडी : यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या रस्त्यावर, कुणाचे काय सामान न्यायचे आहे यावरून ठरलेली होती. भाजीच्या पाट्या, दुधाच्या किटल्या, कोंबड्यांचा झाप नेणारा उतारू नसता, तर टपाची गरज पडली नसती.

रूळ संपतात तिथून

मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये, आणि ती कोल्हापुरातच थांबली. घाट उतरून कोकणात जाणाऱ्या लोहमार्गाची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्यामुळे शहराच्या पश्चिमेचा आणि दक्षिणेचा सगळा मुलूख, म्हणजे शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, गडहिंग्लज, चंदगड, हा प्रवासी वाहतुकीसाठी केवळ रस्त्यावर अवलंबून राहिला. म्हणूनच मार्गाचा इतिहास वाचायला हा जिल्हा उपयोगी आहे. इथे एसटीला पर्याय नव्हता.

मार्गाने इथे भूगोलही लिहिला. मुदाळतिट्टा घ्या. तिट्टा म्हणजे तीन रस्त्यांचा सांधा. गारगोटी, राधानगरी, निपाणी या दिशांच्या गाड्या तिथे मिळतात, म्हणून ते नाव मुदाळ गावापेक्षा जास्त लोकांना ठाऊक आहे. शाहूवाडी तालुक्याचे आगार मलकापुरात आहे, आणि बुलढाण्याच्या मलकापूरशी गफलत होऊ नये म्हणून लोकांना ‘कुठले मलकापूर’ हे सांगावे लागते. गाडीच्या पाटीवर ‘मार्गे’ या शब्दानंतर जी गावे येतात, ती त्या खोऱ्यातली मोठी गावे मानली जातात. पाटीवर येण्यासाठी, निदान विनंती थांबा मिळवण्यासाठी, गावांनी अर्ज केले आहेत, मोर्चे काढले आहेत, रास्ता रोको केले आहेत. नकाशा जिल्हाधिकारी कचेरीत असतो. पण गाव कुठे आहे हे सर्वसाधारण माणसाला कळते ते पाटीवरून.

चंदगडचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १९५६ पर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता, राज्य पुनर्रचनेत तो कोल्हापूरला जोडला गेला. बाजार, दवाखाना, कापड, लग्नाचा बस्ता यांसाठी त्याला बेळगावच जवळ. जिल्ह्याचे ठिकाण मात्र दूर. रेघ एका दिशेने आखली गेली आणि माणसे दुसऱ्या दिशेने जात राहिली. ती जात राहिली गाडीने. सीमाप्रश्न पेटला की आधी बंद होतात त्या दोन राज्यांमधल्या बसफेऱ्या, आणि आधी काळे फासले जाते ते गाडीच्या अंगाला. भाषिक राज्याच्या इतिहासात एसटीचे हे स्थान कुणी नीट मांडलेले माझ्या वाचनात नाही. तिथे ठराव, आयोग आणि हुतात्मे येतात. रोज सीमा ओलांडणारा उतारू येत नाही.

साहित्यातली अडकलेली गाडी

आता साहित्याकडे वळू. मराठीत एसटीचा सर्वांत गाजलेला प्रवास म्हणजे पु. ल. देशपांडे यांची ‘म्हैस’. कोकणातून मुंबईकडे निघालेली गाडी म्हशीला धडकते आणि थांबते. मग उतारू, पोलीस, पुढारी, मालक अशी सारी उतरंड उघडी पडते. या कथेचे मर्म असे की समाज दिसण्यासाठी गाडी थांबावी लागते. चालत्या गाडीत प्रत्येक जण आपापल्या तिकिटापुरता असतो. पुलंनी ते अचूक हेरले. पण त्यामुळे एसटी म्हणजे खोळंबा आणि खोळंबा म्हणजे गंमत, हे समीकरण आपल्या वाचकाच्या मनात घट्ट बसले. पुढच्या कित्येक विनोदी कथांनी आणि एकपात्री प्रयोगांनी तेच चालवले.

दुसरे टोक अरुण कोलटकरांचे. कोल्हापुरात जन्मलेल्या या कवीच्या, १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जेजुरी’ या इंग्रजी काव्याची सुरुवात एसटीच्या प्रवासाने होते. खिडक्यांवर ताडपत्री ओढलेली आहे, बाहेरचे काही दिसत नाही, आणि समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्यात कवीला स्वतःचाच चेहरा दोनदा दिसतो. काव्याचा शेवट मात्र रेल्वे स्थानकावर होतो, आणि तिथे पुढची गाडी कधी येईल हे कुणी धड सांगत नाही. येताना एसटी आणि जाताना न येणारी रेल्वे, ही रचना मला अर्थपूर्ण वाटते. एसटी निदान पोचवते. पण कोलटकरांचा प्रवासीही बाहेरचा आहे. तो एकदा येतो, पाहतो आणि जातो. ताडपत्रीपलीकडच्या गावांना ती गाडी रोज लागते, हे त्याच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही, आणि त्या कवितेला त्याची गरजही नाही.

थोर लेखकांनी हे का लिहिले नाही, असा जाब मी विचारत नाही. मला दिसते ते एवढेच की दोन्ही ठिकाणी दृष्टी गाडीत बसलेल्या माणसाची आहे. फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाची नाही.

फाट्यावरच्या माणसाच्या जवळ जाणारे पुस्तक, गंमत म्हणजे, एसटी नसलेल्या गावाचे आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला (१९५५) तरुण मास्तर औंध संस्थानातल्या त्या धनगरवस्तीत पायी जातो. रोज परतण्याची सोय नसल्याने तिथेच राहतो, आणि राहिल्यामुळेच गावचा होतो. तो कागद वाचून दाखवतो, भांडणे मिटवतो, तालीम उभी करतो. आता त्या वाडीला सकाळ-संध्याकाळ एसटी जोडून पाहा. मास्तर तालुक्याच्या गावी खोली घेईल आणि अप-डाऊन करील. शाळा भरेल, पण ‘बनगरवाडी’ घडणार नाही. एसटीने खेड्याला काय दिले हे आपण सांगतो. तिने खेड्यातून मुक्कामी मास्तर, ग्रामसेवक आणि डॉक्टर हळूहळू काढून नेले, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे. मार्ग दोन्ही दिशांना चालतो.

चाकामागच्या माणसांकडे पाहणारा लेखक आपल्याला सीमाभागाने दिला. निपाणीचे महादेव मोरे यांनी मोटारलाइनमध्ये काम केले, नंतर पिठाची गिरणी चालवली, आणि चालक, क्लीनर, गॅरेजवाले, तंबाखूच्या वखारीतले कामगार यांच्यावर आयुष्यभर लिहिले. त्यांच्या कादंबरीचे ‘एकोणिसावी जात’ हे नावच एक विधान आहे. अठरापगड समाजात रस्त्यावर जगणाऱ्यांची आणखी एक जात तयार झाली, असे ते नाव सांगते. मराठी समीक्षेने मोऱ्यांची दखल उशिरा आणि तुटपुंजी घेतली. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत शेत, वाडा, देऊळ, चावडी यांना जी जागा मिळाली, ती स्टँडला मिळाली नाही. खरे तर गेल्या सत्तर वर्षांत खेड्यातला माणूस चावडीपेक्षा स्टँडवर जास्त वेळ बसला आहे.

कोण कुणाशेजारी बसले

स्टँडला ही जागा द्यायला हवी, याचे एक कारण सामाजिक आहे. डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत १९०१ मधला एक प्रवास नोंदवला आहे. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली ही मुले मसूर स्थानकावर उतरली. ती कोणत्या जातीची आहेत हे कळल्यावर बैलगाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या बोलीवर एक जण तयार झाला. खासगी वाहनात भाडे देऊनही जागा मिळत नसे, ही त्या काळची रीत.

एसटीच्या तिकिटावर नाव नसते. टप्पे मोजायचे, पैसे घ्यायचे, तिकीट फाडायचे. पंढरपूरला जाणारा वारकरी, सौंदत्तीच्या यात्रेला निघालेली जोगतीण, कोर्टाची तारीख असलेला शेतकरी आणि कॉलेजची मुलगी एकाच बाकावर येतात. गावात विटाळ टिकून होता तेव्हाही गाडीत अंग चोरून का होईना शेजारी बसावे लागले. गर्दीने जे केले ते प्रबोधनाच्या भाषणांनी किती केले, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. याचा अर्थ गाडीत जात उरली नाही असा नव्हे. आडनाव विचारण्याची आपली चौकशी उतारू बसल्या बसल्या सुरू करतो. पण उठवून लावण्याचा अधिकार त्याच्याकडे राहिला नाही. स्त्रिया, स्वातंत्र्यसैनिक, आमदार-खासदार, अपंग अशी आसनांवर रंगवलेली अक्षरे पाहिली तर राज्याने कुणाला मान द्यायचा ठरवले, त्याची ती यादीच आहे. त्या यादीत जात नाही.

वस्तीची गाडी

या साऱ्याचा गाभा मला वस्तीच्या गाडीत दिसतो. काही भागांत तिला मुक्कामी गाडी म्हणतात. संध्याकाळी आगारातून निघायचे, मार्गाच्या शेवटच्या गावात रात्र काढायची आणि पहाटे तिथून उलट फेरी करायची. चालक-वाहक गाडीतच किंवा देवळाच्या ओवरीत झोपतात. गावातून कुणी भाकरी आणून देते, कुणी पाणी तापवून देते. वाहतूक नियंत्रकाच्या तक्त्यावर ही एक ड्युटी असते. गावाच्या दृष्टीने मात्र ती गाडी म्हणजे उद्याची हमी असते. रात्री कुणी आजारी पडले, तर पहाटे सीपीआरला जाता येईल. अकरावीच्या मुलीला सातच्या तासाला पोचता येईल. कोल्हापुरात खोली करून शिकणाऱ्या मुलाचा डबा, फडक्यात बांधून, नावाची चिठ्ठी लावून, वाहकाच्या ओळखीवर पाठवता येईल. या डब्यांवर जिल्ह्यातल्या किती मुलांची शिक्षणे झाली, याची नोंद कुठल्याही वर्धापनदिनाच्या अंकात सापडत नाही.

महामंडळाच्या भाषेत ही गाडी परवडत नाही. भारमान, म्हणजे भरलेल्या आसनांचे प्रमाण, आणि दर किलोमीटरचे उत्पन्न, या दोन आकड्यांवर फेरीचे भवितव्य ठरते. याचे मूळ कायद्यातच आहे. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याचे कलम १८ महामंडळावर पुरेशी, कार्यक्षम, काटकसरीची आणि सुसूत्र सेवा देण्याची जबाबदारी टाकते. कलम २२ सांगते की कारभार धंद्याच्या तत्त्वांवर चालवावा. पुरेशी सेवा आणि धंद्याचे तत्त्व : या दोन कलमांमधल्या चार पानांत वस्तीची गाडी अडकली आहे. ‘गाव तिथे एसटी’ ही घोषणा अठराव्या कलमाची, भारमानाचा तक्ता बाविसाव्याचा. आजवरची सगळी सरकारे सभेत अठरावे कलम बोलली आणि बैठकीत बाविसावे वाचत आली.

कोल्हापूर शहराच्या भोवती हाच पेच केएमटीच्या रूपाने दिसतो. हद्दवाढीचा विषय निघाला, की महापालिकेच्या बस भोवतालच्या गावांत का जाव्यात, हा प्रश्न निघतो. गावांना बस हवी, घरफाळा नको. शहराला गावातला दूधवाला आणि कामगार हवा, फेरीचा तोटा नको. दोन्ही बाजू आपापल्या परीने बाविसाव्या कलमाचीच भाषा बोलतात.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. विलीनीकरणाची मागणी, पगार, आत्महत्या यांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्या महिन्यांत रस्त्यावर जे घडले तेही पाहण्यासारखे होते. एसटीची जागा आमच्याकडे ज्याला वडाप म्हणतात त्या वाहतुकीने घेतली : जीप, ट्रॅक्स, टमटम. वडाप भरली की सुटते. चार माणसांसाठी ती निघत नाही, रात्री वस्तीला जात नाही, मुलीचा पास चालवत नाही. वडापवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. तो पोट भरतो आहे, आणि एसटी नसताना त्यानेच माणसे पोचवली. पण १९४८ पूर्वीचा सर्व्हिस मोटारीचा नियम परत आला, हे आपण ओळखले पाहिजे.

आणि तो नियम वडापपुरता राहिलेला नाही. कमी भारमानाची फेरी बंद करायची, हे धोरण म्हणजे एसटीनेही ‘भरली की सुटायची’ असे म्हणणे आहे. फरक इतकाच की ती फाट्यावर उभी राहून उतारूंची वाट पाहत नाही, कागदावर पाहते. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास सुरू झाला आणि गाड्यांत गर्दी वाढली. म्हणजे प्रवास करू इच्छिणारी माणसे आधीही गावात होती. भारमानाच्या तक्त्यात ती दिसत नव्हती, कारण तो तक्ता फक्त चढलेल्यांना मोजतो. घरी राहिलेल्यांना मोजत नाही. म्हातारी दवाखान्यात गेली नाही, पोरीने दहावीनंतर शाळा सोडली, या गोष्टी उत्पन्नाच्या रकान्यात बसत नाहीत.

म्हणून मार्गाचा इतिहास लिहिला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. जुन्या गाड्यांची चित्रे जपली जातात, ते चांगलेच आहे. त्याबरोबर जुनी वेळापत्रके, टप्प्यांचे तक्ते, ड्युटीच्या नोंदी, थांब्यासाठी आलेले ग्रामपंचायतींचे ठराव हेही जपायला हवे. कोल्हापूर विभागाच्या बारा आगारांत कुठल्या गावाला वस्तीची गाडी केव्हा सुरू झाली आणि केव्हा बंद झाली, एवढी एक यादी केली, तरी या जिल्ह्यातल्या शिक्षणाचा, आरोग्याचा आणि स्थलांतराचा इतिहास नव्याने वाचता येईल. साहित्याच्या अभ्यासकांनाही त्या यादीशेजारी आपली ग्रामीण कथा ठेवून पाहता येईल. शिवाई आली, उद्या आणखी नवी गाडी येईल, तिचे स्वागतच आहे. प्रश्न ती कुठवर जाते आणि चार उतारू असताना निघते की नाही, हा आहे.